आधी १०० वेळा कट्ट-कडकट्ट, मग बोलण्याची मुभा : हौशी रेडिओ आणि मोर्सच्या परीक्षेचा वाद

१/
#थ्रेड : भारतात एक काळ असा होता की, सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि रीतसर परवाना मिळालेल्या माणसालाही लघुलहरींवर तोंडाने बोलण्याची परवानगी नसे. आधी मोर्सच्या खुणांमधून इतर चालकांशी १०० संपर्क साधायचे, त्यांचा पुरावा सादर करायचा आणि मगच मायक्रोफोन हाती धरायचा. हा नियम हौशी रेडिओच्या 'ग्रेड २' परवान्याचा होता. वरवर पाहता तो किरकोळ तांत्रिक वाटतो. मात्र त्याच्यामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे : आकाशावर हक्क कोणाचा, आणि तो हक्क मिळवण्यासाठी माणसाने काय सिद्ध करावे? या प्रश्नावर जगभरचे हौशी रेडिओचालक अनेक दशके एकमेकांशी भांडले. त्या भांडणाचा हा इतिहास.

२/
प्रथम पार्श्वभूमी. हौशी रेडिओ, म्हणजेच बोलीतला 'हॅम', हा कोणताही आर्थिक लाभ न घेता बिनतारी संपर्क साधण्याचा छंद आहे. प्रत्येक चालकाला स्वतःचे संकेतनाम मिळते. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युत्भारित थरावरून परावर्तित होतात आणि हजारो किलोमीटर अंतर कापतात. मध्ये मनोरा नाही, कंपनी नाही, केबल नाही. दोन माणसे, दोन यंत्रे आणि दोन अँटेना एवढेच पुरते. म्हणूनच हा छंद सरकारांना एकाच वेळी उपयुक्तही वाटला आणि धोकादायकही.

३/
मोर्स म्हणजे ठिपका आणि रेघ यांची लिपी. तिचे तांत्रिक गुण नाकारता येत नाहीत. माणसाचा आवाज पाठवायला आजच्या 'सिंगल साइडबँड' पद्धतीत सुमारे २,५०० हर्ट्झ रुंदीची पट्टी लागते. मोर्सचा संदेश सुमारे १५० हर्ट्झमध्ये मावतो. सगळी शक्ती एका बारीक रेषेत एकवटल्यामुळे अगदी क्षीण संदेशही खरखरीतून कानाने वेचता येतो. प्रक्षेपकही साधा : मोजके सुटे भाग आणि दाबायला एक 'की'. पुढे या वादात दोन्ही बाजूंनी जे मुद्दे मांडले, त्यांतले बरेचसे या एका वस्तुस्थितीतून निघाले.

४/
महाराष्ट्राच्या भूमीला ही भाषा नवी नव्हती. कल्याणहून आजच्या बदलापूर-कर्जतमार्गे खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये खुला झाला. रेल्वे आणि तारायंत्र यांची वाढ या देशात हातात हात घालूनच झाली. पुढे १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांना जोडणारी बिनतारी 'बीम' सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. मराठी मुलखातल्या माळावरून मोर्सच्या खुणा थेट लंडनच्या दिशेने जात होत्या.

५/
मग हौशी माणसाला मोर्सची सक्ती का झाली? उत्तर समुद्रावर सापडते. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि बिनतारी यंत्रणेवर सरकारी नियंत्रण कडक झाले. जहाजांचे संकटसंदेश मोर्समधून जात. एखादा हौशी चालक अजाणतेपणी त्या लहरींवर घुसला, तर त्याला 'बाजूला हो' हे मोर्समधूनच सांगावे लागे, आणि ते त्याला कळणे अत्यावश्यक होते. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने हे तत्त्व आंतरराष्ट्रीय नियमांत आणले : स्वतःचे प्रक्षेपण केंद्र चालवणाऱ्याला मोर्स पाठवता आणि कानाने वाचता आले पाहिजे. त्या काळी हा नियम पूर्णतः व्यवहार्य होता. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे नियम टिकला आणि कारण मात्र बदलत गेले.

६/
आंतरराष्ट्रीय पातळीवर ही सक्ती एका फटक्यात नव्हे, टप्प्याटप्प्याने मागे सरली. १९४७ मध्ये १,००० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी देशांना सूट देता येऊ लागली. १९५९ मध्ये ही मर्यादा १४४ मेगाहर्ट्झवर आली आणि १९७९ मध्ये ३० मेगाहर्ट्झवर. म्हणजे उरला तो लघुलहरींचा पट्टा. पण खरा मोह त्याच पट्ट्याचा होता. सातासमुद्रापार बोलता येते ते तिथूनच. त्यामुळे शेवटची आणि सर्वांत कडवी लढाई ३० मेगाहर्ट्झच्या खाली झाली.

७/
आता भारताकडे येऊ. इथे हौशी रेडिओ १९२० च्या दशकात आला. जून १९२३ मध्ये 'रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे' या हौशी मंडळींच्या संस्थेने मुंबईतून प्रसारण केले. तेव्हा आकाशवाणी जन्मायची होती. १८८५ च्या तार कायद्याला पुढे १९३३ च्या बिनतारी कायद्याची जोड मिळाली आणि परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच नवे परवाने थांबले आणि हौशी चालकांना आपली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे आदेश निघाले.

८/
सरकारची भीती निराधार नव्हती, हे मुंबईने १९४२ मध्ये दाखवून दिले. 'भारत छोडो' आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' उभारला. ४२.३४ मीटरवर बोलणारे हे केंद्र पकडले जाऊ नये म्हणून मुंबईतल्या जागा सतत बदलत होते. त्याच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या रेडिओतंत्रज्ञाचा हात होता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला आणि उषा मेहता यांना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. हा प्रक्षेपक मोर्समध्ये बोलत नव्हता, माणसाच्या आवाजात बोलत होता. परकीय सत्तेला जो बिनतारी संदेश सर्वाधिक बोचला, तो सामान्य माणसाला सहज समजणारा होता.

९/
स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण बिनतारी यंत्राकडे पाहण्याची सरकारी नजर फारशी बदलली नाही. १९४८ मध्ये महू येथील लष्कराच्या सिग्नल शाळेत 'अ‍ॅमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया' स्थापन झाला. १९५४ मध्ये दिल्लीत त्याचे 'अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' असे नामकरण झाले. लष्कराने मोडीत काढलेली, निर्वात नळ्यांवर चालणारी यंत्रे विकत घ्यायची आणि त्यांतून आपले केंद्र जुळवायचे, अशी तेव्हाची रीत होती. १९७० पर्यंत साऱ्या देशात १,००० परवानेधारकही नव्हते. या इवल्याशा समाजात मोर्स येणे ही केवळ अट नव्हती. ती ओळख होती.

१०/
१९७८ च्या नियमांनी ही ओळख श्रेण्यांमध्ये बांधली. परीक्षेचे दोन भाग असत : रेडिओचे तंत्र व कायदेकानू यांची लेखी परीक्षा, आणि मोर्सची प्रत्यक्ष चाचणी. 'ग्रेड २' साठी मिनिटाला ५ शब्द आणि 'ग्रेड १' साठी १२ शब्द असा वेग ठरला. पाच अक्षरे म्हणजे एक शब्द. म्हणजे 'ग्रेड २' च्या उमेदवाराने पाच मिनिटांत १२५ अक्षरे कानाने ऐकून कागदावर उतरवायची, आणि 'ग्रेड १' च्या उमेदवाराने ३००. पाचाहून अधिक चुका झाल्या की उमेदवार बाद. त्यातही एक दिलासा होता : सलग एक मिनिट एकही चूक न करता उतरवले, तर तो उत्तीर्ण धरला जाई.

११/
आणि 'ग्रेड २' वाल्यांसाठी तो १०० संपर्कांचा नियम. ३० मेगाहर्ट्झखाली आवाजाने बोलायचे असेल, तर आधी मोर्समधून १०० संपर्क दाखवा. श्रेणी संकेतनामातही उमटे. वरच्या श्रेणीचे नाव 'व्हीयू२' ने सुरू होई, खालच्या श्रेणीचे 'व्हीयू३' ने. त्यामुळे लहरींवर कोणी स्वतःची ओळख दिली रे दिली, की ऐकणाऱ्याला समोरच्याची पायरी कळे. पुढे 'रिस्ट्रिक्टेड' नावाची श्रेणी आली. तिला मोर्सची चाचणी नव्हती, पण आरंभी लघुलहरींचे दारही बंद होते. तिच्या धारकाने आपल्या परिसरातच बोलावे, असा त्याचा अर्थ.

१२/
या नियमाचा भार कोणावर पडला, हे पाहण्यासाठी बदलापूरच्या बेलवलीत राहणारा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. लेखी परीक्षेची तयारी पुस्तकावरून होते. मोर्सची होत नाही. ती कानाची विद्या. कोणीतरी रोज समोर बसून 'की' वाजवावी लागते, किंवा ध्वनिफिती मिळवाव्या लागतात. परीक्षा द्यायची ती मुंबईत, बोरिवलीच्या गोराई मार्गावरील सरकारी बिनतारी देखरेख केंद्रात. म्हणजे आधी मध्य रेल्वे, मग दादरला उतरून पश्चिम रेल्वे. अक्षरे रोमन लिपीतली. परीक्षेनंतर पोलीस पडताळणीची वाट पाहणे निराळेच. परिचयात एखादा अनुभवी हॅम असेल त्याला हा मार्ग सुसह्य होता. ज्याला गुरू नाही, त्याला दुष्कर.

१३/
आता वादाच्या दोन्ही बाजू. मोर्सचे समर्थक म्हणत : आकाशातला पट्टा मर्यादित आहे आणि तो सर्वांचा आहे. ज्याने महिनोन्‌महिने कान घासून ही विद्या मिळवली, तो त्या पट्ट्याचा मान राखील. सहज आत आलेला माणूस शिस्त मोडील. मोर्सची चाचणी ही त्यांच्या लेखी गाळणी होती. ज्ञानाची कमी, आणि चिकाटीची अधिक. आपल्याकडे गायनात जशी वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय मैफल नाही, तसाच हा विचार.

१४/
त्यांचा दुसरा मुद्दा अधिक ठोस होता, आणि भारतात त्याला विशेष धार होती. आवाजाचे यंत्र महाग. ते बहुधा परदेशातून आणावे लागे आणि त्यावर जबर आयात शुल्क. मोर्सचा प्रक्षेपक मात्र लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरच्या घरी जोडता येई आणि काही वॉट शक्तीवर परदेशी पोहोचे. तेव्हा मोर्स हीच गरिबाची खरी मित्र आहे, ती शिकण्याची सक्ती म्हणजे त्याच्याच हाती साधन देणे, असे समर्थकांचे म्हणणे. संकटकाळी वीज नाही, यंत्र मोडके, संदेश क्षीण, अशा वेळी मोर्सच तरते, हा त्याच युक्तिवादाचा पुढचा भाग.

१५/
विरोधकांचे उत्तरही तितकेच सरळ होते. मोर्स उपयुक्त आहे, हे कोणीच नाकारत नव्हते. प्रश्न होता सक्तीचा. प्रक्षेपक सुरक्षित चालवायला, दुसऱ्याच्या लहरींत अडथळा न आणायला तंत्र आणि नियम कळले पाहिजेत. त्यासाठी लेखी परीक्षा आहेच. जो माणूस कधीही मोर्स वापरणार नाही, त्याची त्यात परीक्षा का? ज्याला कमी ऐकू येते किंवा ज्याची बोटे साथ देत नाहीत, त्याने काय करायचे? आणि चिकाटीच पाहायची असेल, तर ती मोजायला जगात हीच एक पट्टी आहे काय?

१६/
विरोधकांच्या हाती एक भक्कम उदाहरण होते : जपान. तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीसच मोर्सविना परवान्याची श्रेणी सुरू झाली, आणि तिच्या धारकांना मर्यादित शक्तीवर, १० वॉटपर्यंत, लघुलहरींवरही बोलता येई. आंतरराष्ट्रीय नियमाशी हे विसंगत होते, तरी जपानने ते चालू ठेवले. परिणाम? १९९० च्या दशकात तिथल्या हौशी केंद्रांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. भारतात १९८० मध्ये परवानेधारक सुमारे १,५०० होते. १९८४ मध्ये राजीव गांधी, जे स्वतः 'व्हीयू२आरजी' या संकेतनामाचे हॅम होते, पंतप्रधान असताना आयात शुल्क माफ झाले. त्यानंतर संख्या वाढत २००० च्या सुमारास १०,००० वर पोहोचली. अर्थात या तुलनेत सावधगिरी हवी. जपानी घरात स्वदेशी बनावटीची स्वस्त यंत्रे होती, आपल्याकडे नव्हती. संख्येतला फरक केवळ मोर्समुळे पडला, असे म्हणता येत नाही.

१७/
अमेरिकेत हे भांडण सर्वांत जाहीरपणे झाले. तिथे वरच्या श्रेणीला मिनिटाला २० शब्दांची चाचणी होती. १९९१ मध्ये मोर्सविना 'टेक्निशियन' परवाना आला, पण लघुलहरींविना. जुन्यांपैकी कित्येकांनी या नव्यांना दुय्यम मानले. पुढे संगणकतज्ज्ञ ब्रूस पेरेन्स यांनी सक्ती हटवण्यासाठी 'नो-कोड इंटरनॅशनल' ही संघटना काढली. दुसरीकडे मोर्स जपण्यासाठी ब्रिटनमध्ये १९८७ मध्येच 'फिस्ट्स' हा क्लब स्थापन झाला होता. 'फिस्ट' म्हणजे मूठ. तारेच्या जगात प्रत्येकाच्या 'की' दाबण्याच्या खास ढंगाला हे नाव आहे. अक्षरावरून हात ओळखावा, तसा अनुभवी कान मुठीवरून माणूस ओळखतो. नियमामागे असे प्रेमही होते, हे विसरता कामा नये.

१८/
निर्णायक घटना मात्र हौशी जगाबाहेर घडली. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांसाठी उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रणांवर आधारलेली नवी जागतिक संकटसंदेश व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. समुद्रावरून मोर्स निवृत्त झाला. ज्या कारणासाठी १९२७ मध्ये नियम जन्मला, ते कारणच संपले. २००१ मध्ये हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघानेही सक्ती काढण्याच्या बाजूने धोरण स्वीकारले. २००३ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ठरवले : मोर्सची चाचणी घ्यावी की नाही, हे प्रत्येक देशाने आपले आपण पाहावे. ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंड यांनी त्याच वर्षी ती रद्द केली. अमेरिकेने २००० मध्ये वेग सर्वांसाठी ५ शब्दांवर आणला होता. २३ फेब्रुवारी २००७ पासून चाचणीच बंद झाली.

१९/
याच वर्षांत भारतातील प्रश्नाला निराळे वजन येत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि हौशी रेडिओचालक संपर्कासाठी धावले. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपातही ते होते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. बेटांचा संपर्क तुटलेला असताना त्यांच्या लघुलहरींवरून मुख्य भूमीशी बोलणे झाले, नातलगांचे निरोप पोहोचले. आता प्रश्न छंदाचा राहिला नाही. लघुलहरींवर बोलू शकणारी माणसे देशात किती, आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत की केवळ महानगरांत, हा जीवनमरणाचा प्रश्न झाला.

२०/
दोन्ही बाजूंनी या आपत्तींचा आधार घेता येत होता. समर्थक म्हणू शकत : पाहा, शिकलेला, कसलेला चालकच संकटात उपयोगी पडतो. विरोधक म्हणू शकत : पाहा, निरोप आवाजाने गेले, मग आवाजाच्या वाटेवर मोर्सची वेस कशाला? भारत सरकारने या दोहोंमधून मधला रस्ता काढला. 'ग्रेड १' चा वेग १२ वरून ८ शब्दांवर आला. नंतरच्या सुधारणेत जुन्या श्रेण्यांच्या जागी 'जनरल' आणि 'रिस्ट्रिक्टेड' अशा दोनच राहिल्या. 'जनरल' साठी मिनिटाला ८ शब्दांची चाचणी कायम ठेवली. मोर्सविना 'रिस्ट्रिक्टेड' वाल्यांना कमी शक्तीवर लघुलहरींचे दार उघडले. युरोप-अमेरिकेने वेस पाडली. भारताने तिच्यात एक दिंडी दरवाजा ठेवला.

२१/
मग मोर्स मेला का? हेच या कथेतले आश्चर्य. सक्ती गेल्यावरही ती जगभरच्या लघुलहरींवर ऐकू येत राहिली. स्पर्धा होतात, अत्यल्प शक्तीची यंत्रे हाताने जोडली जातात. २००४ मध्ये तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ईमेलमधल्या '@' या चिन्हासाठी नवी मोर्स खूण मंजूर केली. जर्मनीने २०१४ मध्ये मोर्सला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. उलट सरकारी यंत्रणा ज्या रूपात तार जपत होती, ते रूप संपले : १ जून १९४९ रोजी देवनागरीतून तार पाठवण्याची सोय करणाऱ्या याच देशात १४ जुलै २०१३ हा तारसेवेचा अखेरचा दिवस ठरला. सक्ती गेली म्हणून छंदातला मोर्स बुडाला नाही, आणि सरकारी आश्रय होता म्हणून तार वाचली नाही.

२२/
मग या वादात कोण बरोबर होते? इतिहासाच्या अभ्यासकाने दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. पहिली : मोर्सच्या समर्थकांनी विद्येचे जे मोल सांगितले ते खरे होते. दुसरी : एखादी विद्या मोलाची आहे, एवढ्यावरून ती परवान्याची अट व्हावी असे ठरत नाही. १९२७ मध्ये नियम जीव वाचवण्यासाठी होता. पुढे तो शिस्तीसाठी आहे असे सांगितले गेले, मग परंपरेसाठी, मग गाळणीसाठी. जुना नियम आपले मूळ कारण गमावतो तेव्हा त्याला नवी कारणे शोधून दिली जातात, आणि ती शोधणारे बहुधा तो नियम पार करून आत आलेलेच असतात. ते लबाड असतात असे नव्हे. आपण सोसलेले कष्ट व्यर्थ नव्हते, असे प्रत्येकाला वाटावेसे वाटते.

२३/
हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई परिसरातले फोन मुके झाले आणि उल्हास नदीने बदलापूर-कल्याण पट्ट्यात पात्र सोडले. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. खिशातला मोबाइल हा मनोऱ्यावर, विजेवर आणि केबलवर अवलंबून असतो. तो बंद पडला की गावात लघुलहरींवर बोलू शकणारे एक माणूस असणे आणि नसणे, यात केवढे अंतर असते, हे अशा रात्री कळते. ते माणूस तयार व्हावे यासाठी परीक्षा किती कठीण असावी, हाच या साऱ्या वादाचा गाभा होता.

२४/
१८८५ आणि १९३३ च्या त्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला आहे. लहरींवर बोलण्याचा हक्क कोणाला, कोणत्या अटीवर, हा प्रश्न त्यामुळे संपलेला नाही; प्रत्येक नव्या तंत्राबरोबर तो पुन्हा विचारला जाईल. तेव्हा कोणतीही अट समोर आली की तीन गोष्टी तपासा : ती कोणत्या कारणासाठी जन्मली, ते कारण आज उरले आहे का, आणि तिच्यामुळे दाराबाहेर नेमके कोण थांबले आहे.

तुमच्या घरात, वाड्यात किंवा चाळीत कोणी तारखात्यात, रेल्वेत किंवा लष्कराच्या सिग्नल विभागात होते का? असतील तर त्यांना एकदा टेबलावर बोटांनी स्वतःचे नाव वाजवून दाखवायला सांगा, आणि ते कसे शिकले तेही विचारा. उत्तरे खाली लिहा. हा इतिहास अजून बराचसा माणसांच्या बोटांतच आहे.

(थ्रेड समाप्त)